उर्शुलेसाठी मूठभर माती

शेनांडोआ, पेनसिल्व्हेनिया
१४ फेब्रुवारी १९९४

लिओ,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न फोडता बाजूला टाकतोस, हे मला तुझ्या बायकोनेच सांगितलं. म्हणून या खेपेला पत्ता चर्चच्या टाइपरायटरवर काढला. फसलास. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

आईचा विषय मी काढणार नाही. तू तिला इथून उचलून फ्लोरिडाला नेलंस, वर्ष व्हायच्या आत ती गेली, आणि जाताना तिच्या कानावर आपल्या भाषेतला एक शब्द पडला नाही, हे मी काढणार नाही म्हणजे नाही. काम वेगळंच आहे.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादर डोनेलींनी मला दारातच अडवलं. हातात एक निळं पाकीट. त्यावर पत्ता एवढाच, ‘लिथुआनियन लोकांचं चर्च, शेनांडोआ, अमेरिका’. आपल्या चर्चला आता पाद्री आयरिश, त्यामुळे तो बिचारा पत्र उलटंसुलटं करून बघत होता.

“अल्बिना, वाच बाई हे. कुणी नवरामुलगा शोधत असेल तर मी त्यातला नाही, एवढं कळव.”

हे वाचता येणारी गावात आम्ही तिघंच उरलोय. त्यांतल्या स्टेलाबाईंना दिसत नाही आणि म्हातारा विंत्सास ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरतो. म्हणजे उरले मी.

पत्र कुपिश्किसजवळच्या एका खेड्यातून आलंय. लिहिणारी दाइवा नावाची शाळामास्तरीण. तिची आजी उर्शुले, वय एक्क्याऐंशी, पोटात गाठ आहे आणि डॉक्टरांनी हात टेकलेत. उर्शुले आईच्या पोटात असतानाच तिचा बाप अमेरिकेला गेला, आपल्या शेनांडोआच्या कोळशाच्या खाणीत लागला आणि १९१५ साली इथे मेला. पोरीने बाप कधी बघितला नाही. आता तिचं एकच मागणं आहे. बापाच्या थडग्यावरची मूठभर माती तिला हवी आहे. आईच्या थडग्याची माती तिने आधीच पुरचुंडीत बांधून ठेवलीय. दोन्ही आपल्या शवपेटीत ठेवायच्या, म्हणजे आईबाप कधी नव्हे ते एका जागी येतील.

बापाचं नाव सिमोनस बार्टकुस.

दचकलास ना? मीही दचकले. पण उगाच. आपल्या टेकडीवरच्या दफनभूमीत बार्टकुस चिक्कार आहेत आणि त्या पिढीत दर चौथ्या पोराचं नाव सिमोनस. आपले आजोबा सेइनाईकडचे, ही माणसं कुपिश्किसची, म्हणजे देशाची दोन टोकं. शिवाय हा सिमोनस १९१५ साली मेला. आपले आजोबा १९५३ पर्यंत तुला मांडीवर घेऊन बसले होते.

तुला लिहायचं कारण हेच. तू त्यांच्या मांडीवरून कधी उतरलाच नाहीस. आपल्याच नावाचा दुसरा एक माणूस इथे होता, खाणीत मेला, असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलंस का? आठवलं तर कळव. बाईकडे फार वेळ नाही.

अल्बिना


९ मार्च

लिओ,

उत्तर नाही. बरं. मी तरी कुठे आशा केली होती.

शर्टांचा कारखाना बंद झाल्यापासून माझ्याकडे वेळच वेळ आहे, तो मी पॉट्सविलच्या कोर्टात घालवते आहे. तळघरात जुनी दप्तरं आहेत. खाणीत मेलेल्या प्रत्येक माणसाची चौकशी व्हायची, तिचे कागद. खाण निरीक्षकाचे वर्षाचे अहवाल, त्यांत मेलेल्याचं नाव, वय, मागे बायको किती, पोरं किती. एका ओळीत एक माणूस. ‘छत कोसळलं.’ ‘गाडीखाली आला.’ ‘गॅस पेटला.’ त्या ओळी वाचून घरी आले की मला जेवण जात नाही. आपली शाळेतली सगळी आडनावं तिथे आहेत रे.

सिमोनस बार्टकुस नाही. १९१५ मध्ये नाही, १४ मध्ये नाही, १६ मध्ये नाही. राज्याच्या मृत्यूच्या दाखल्यांत शोधलं. चर्चच्या दफनाच्या वहीत शोधलं. सगळीकडे मिळून मेलेला सिमोनस बार्टकुस एकच, तो म्हणजे आपले आजोबा, १९५३, फुप्फुसात कोळसा.

फादर म्हणाले, तेव्हाचे कारकून आपली नावं वाटेल तशी लिहायचे, सापडणार नाही. मला ते पटलं होतं. मग वाचनालयात जुनी लिथुआनियन वर्तमानपत्रं यंत्रावर बघायला बसले. शेवटच्या पानावरच्या त्या जाहिराती आजी आपल्याला हसत हसत वाचून दाखवायची, आठवतं? ‘माझा नवरा शोधते आहे.’ तिकडच्या बायका इकडच्या पेपरात द्यायच्या, आणि इथे खानावळीत कुणीतरी मोठ्याने वाचलं की ज्याच्यावर शेकलंय तो गुपचूप उठून दुसऱ्या गावी पळायचा. मे १९१४ च्या अंकात ही सापडली:

‘मी बार्बोरा बार्टकुविएने, म्हणजे बार्टकुसची बायको, माझा नवरा सिमोनस याला शोधते आहे. दोन वर्षांपूर्वी शेनांडोआला गेला. उंच, डोळे करडे, डाव्या हाताचा अंगठा लहानपणी जात्यात सापडून आत वळलेला. घरी मुलगी झाली आहे, तिला चालता येतं. कुणाला ठाऊक असेल त्याने पाद्रींना सांगावं.’

म्हणजे माणूस होता. इथेच होता.

अंगठ्याचं म्हणशील तर खाणीत काम करणाऱ्यांत सरळ बोटं कुणाची होती? आजोबांचा अंगठा खेचराने चावला होता. ते स्वतःच सांगायचे.

दाइवाला मी कळवलंय की शोध चालू आहे. तिच्याकडे बापाच्या अंत्ययात्रेचा फोटो आहे म्हणे, त्याची प्रत काढून पाठवते आहे. फोटोत मागे कुठलं दार, कुठला जिना दिसला तर जागा ओळखता येईल.

अल्बिना


५ एप्रिल, ईस्टर झाल्यावर

लिओ,

हे पत्र तू उभ्याने वाचू नकोस.

फोटो आला. आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. माणूस गेला की शवपेटी चर्चच्या पायऱ्यांशी उघडी ठेवायची, भोवती घरची माणसं आणि आपल्या लोकांच्या मदत मंडळाचे लोक निशाण घेऊन उभे राहायचे, फोटोवाला बोलवायचा, आणि एक प्रत गावी पाठवायची. तिकडच्यांना मातीला यायला मिळत नाही, निदान डोळ्यांनी तरी बघू दे, म्हणून. तो फोटो आला की गावची बाई काळा रुमाल बांधायची. त्यावर कुणी कधी शंका घेतली नाही. फोटो म्हणजे फोटो.

पाकीट फोडलं आणि मी खुर्चीत बसले. कारण तो फोटो मी रोज बघत मोठी झालेय. तूही. आपल्या बैठकीच्या खोलीत, घड्याळाखाली, काळ्या चौकटीत. आजीचा पहिला नवरा, बाल्त्रुस राउबा.

तोच जिना. तीच शवपेटी. चेहऱ्यावर तोच पांढरा रुमाल, कारण गॅसने चेहरा उरला नव्हता. कंपनीच्या गाडीने त्याला ओसरीवर टाकलं, घोडा थांबवलासुद्धा नाही, हे आजी किती वेळा सांगायची. डोक्याशी आजी उभी, कोवळी पोर, हातात जपमाळ. मागे त्यांच्या घरात राहणारे खाणकामगार.

आपल्या फोटोत उजव्या टोकाला आजोबा आहेत, मंडळाचं निशाण धरून. ते तेव्हा आजीकडे भाड्याने राहायचे. ‘बघा, मी तिच्या नवऱ्यालाही निरोप दिला आणि मग तिलाही सांभाळलं,’ असं ते म्हणायचे आणि सगळे हसायचे.

उर्शुलेच्या फोटोत आजोबा नाहीत. उजवी कड कापली आहे. सरळ, बेताने, कात्रीने. पण निशाणाची काठी जरा आत झुकलेली होती, त्यामुळे ती राहिली, आणि काठीवर एक हात राहिला. मनगटापासून तुटलेला डावा हात, अंगठा आत वळलेला.

फोटोबरोबर कुणा ‘मित्रा’ची चिठ्ठी गेली होती. सिमोनसला देवाज्ञा झाली, मंडळाने सन्मानाने पोचवलं, तेव्हा आता शोधू नये. जाहिरात १९१४ ची. फोटो १९१५ चा. आजीशी लग्न १९१६ मध्ये. पुढच्या वर्षी आपले बाबा जन्मले. आणि सेइनाई, खेचर, हे सगळं आजोबांनीच सांगितलेलं.

ऐंशी वर्षं ती बाई एका परक्या माणसाच्या रुमालाला ओठ लावते आहे. कडेला बापाचा हात होता, तिला कुणी सांगितलं नाही. मी रडले, लिओ. आधी तिच्यासाठी रडले, मग माझी मलाच लाज वाटली, का ते विचारू नकोस.

कात्री कुणी चालवली, मला माहीत नाही. घरात कात्री आजीचीच होती.

मूळ फोटो तुझ्याकडे आहे. घर रिकामं करताना तू तो घेऊन गेलास. चौकट उघड आणि उजवी कड बघ, मी खोटं बोलत असेन तर सांग.

अल्बिना


२ मे

लिओ,

दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला. ‘हॅलो’ म्हणायचं राहिलं, हरकत नाही.

तू जे बोललास ते मी लिहून ठेवतेय, म्हणजे उद्या नाकबूल करायला नको.

“मेलेल्या माणसाचे खिसे तपासायची हौस आलीय का तुला?”

“खिसे सोड, त्यांनी आपलं नावच दुसऱ्याच्या पेटीत टाकलं, लिओ. मी फक्त बघतेय.”

“मग माती पाठव आणि मिटव की! टेकडीवरची कुठलीही पाठव. मातीवर काय नाव छापलेलं असतं? म्हातारी समाधानाने मरेल. तुला मात्र तिला मरताना जोड्याने हाणायचंय.”

आणि फोन आपटलास.

गंमत म्हणजे फादर डोनेलीही हेच म्हणाले, फक्त जोडा न म्हणता. “अल्बिना, दया म्हणून पाठवलेल्या मातीला देव खोटं म्हणत नाही.” मी घरी येऊन पिशवी आणि खुरपं घेतलं आणि टेकडीवर गेलेसुद्धा. बाल्त्रुसची कबर एका बाजूला, आजीआजोबांची दुसऱ्या बाजूला. कुठली माती घ्यायची? फोटोत जो आहे त्याची घ्यावी तर तो तिचा कुणी नाही. बापाची घ्यावी तर ती कुठल्या तोंडाने द्यायची? मी रिकामी पिशवी घेऊन उतरले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पॉट्सविल गाठलं. एक कागद बघायचा राहिला होता, मीच टाळत होते. आजोबा नागरिक झाले तेव्हाचा कोर्टातला अर्ज, १९२७ चा. शपथेवर लिहायचं असतं, बायको कोण, मुलं किती, कुठे राहतात. बायको मार्सेले, शेनांडोआ, म्हणजे आजी. मुलगा पेत्रास, शेनांडोआ, म्हणजे बाबा. आणि त्याच्या वर, पहिल्या क्रमांकावर: ‘उर्शुले, जन्म १९१२, राहणार लिथुआनिया.’

गावाशी खोटं बोलले, बायकोशी बोलले, आपल्याशी बोलले. न्यायाधीशापुढे हात वर करताना मात्र पोरीचं नाव गाळवलं नाही. तुला यात बरं वाटेल का? मला वाटलं होतं, दोन मिनिटं. मग हिशेब कळला. पोर तेव्हा चौदा वर्षांची. बाप नागरिक झाला की लहान पोरांना आणता यायचं. समोरच्या घरातल्या झिग्मासने आपल्या दोन्ही मुली त्याच उन्हाळ्यात आणल्या, स्टेलाबाई त्यांतलीच एक. आजोबा त्यांच्या स्वागताला घरी केलेल्या बोइलो दारूची बाटली घेऊन गेले होते, हे तीच सांगते. घरी येऊन ते झोपले कसे, हे मला कुणीतरी सांगा.

न आणलेल्या पोरीचं काय झालं, ते दाइवाने कळवलंय. मी विचारलं नव्हतं, बार्बोराच्या थडग्याची माहिती देताना तिने ओघात लिहिलं. फोटो आल्यावर बार्बोराला दिराने घराबाहेर काढलं, पोरगा नव्हता म्हणून. ती दुसऱ्यांच्या गायी राखायची. उर्शुले मोठी झाली, शाळामास्तराशी लग्न झालं, दोन पोरं झाली. जून १९४१ मध्ये रशियनांनी मास्तरांना उचललं तेव्हा तिलाही उचललं, आईसकट, पोरांसकट. रेल्वेच्या फलाटावर नवऱ्याला दुसऱ्या डब्यात घातलं, तो परत दिसला नाही. यांना उत्तरेला बर्फाच्या समुद्रावर नेऊन मासे पकडायला लावले. धाकटा पहिल्याच हिवाळ्यात गेला. बार्बोरा दुसऱ्या हिवाळ्यात गेली. ती आपला पाव थोरल्याला देत होती आणि खाल्ला म्हणून सांगत होती. जमीन गोठलेली, पुरता आलं नाही, झोपडीच्या भिंतीशी मेलेली माणसं वसंत ऋतूपर्यंत रचून ठेवलेली होती. दाइवाचा भाऊ पाच वर्षांपूर्वी तिकडे जाऊन आला, त्याने आणलेली माती म्हणजे ती पुरचुंडी.

आता तू सांग, हिला टेकडीवरची कुठलीही माती पाठवू?

अल्बिना


१९ जून

लिओ,

मागच्या पत्रात मी तुला विचारलं, पण ते विचारणं खोटं होतं. तुझ्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी मी दाइवाला सगळं लिहून पत्र टाकलं होतं. तुझं मत बदललं असतं तरी उपयोग नव्हता. तू चिडशील तर चीड. ती बाई गेली की त्या माणसाची पहिली मुलगी जगात उरणार नाही, आणि तिला तिचा बाप खोटा देणारी मी दुसरी ठरले असते. एक झाला तेवढा पुरे.

महिनाभर काही आलं नाही. मला वाटलं, मारलीच मी तिला. काल उत्तर आलं.

दाइवाने लिहिलंय, आजीला वाचून दाखवायचं की नाही यावर घरात भांडण झालं. शेवटी म्हातारीच ओरडली, “माझं पत्र आहे ना? मग तुम्ही कुजबुजता कशाला? गाठ पोटात आहे, कानात नाही!” वाचून होईपर्यंत ती बटाटे सोलत होती, ते सोलून पुरे केले. भिंतीवरचा फोटो काढायला लावला आणि खिडकीशी नेऊन त्या कडेवरच्या हाताकडे बघत बसली. मग एक प्रश्न विचारला.

“किती जगला?”

“१९५३ पर्यंत, आजी.”

“त्रेपन्नला मी तिकडे बर्फात लाकडं ओढत होते,” ती म्हणाली. “म्हणजे मी त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करत होते तेव्हा तो जेवत होता.”

बाल्त्रुससाठी मात्र तिने पुढच्याच रविवारी मिस्सा सांगितली. म्हणाली, “त्या बिचाऱ्याने ऐंशी वर्षं माझी रड ऐकून घेतली. त्याचं नाव तरी घ्या.”

माती ती अजूनही मागते आहे. बापाची, खरी. पण त्याच्याआधी तिला त्याचं तोंड बघायचंय. नुसत्या हाताने भागत नाही म्हणते.

माझ्याकडे आजोबांचा एकही फोटो नाही, लिओ. सगळे तुझ्याकडे आहेत. भांडण आपलं आहे, तिचं नाही. तुझे आजोबा हिरावून घ्यायला मी निघालेले नाही. ते तुला खांद्यावर बसवून लेकवुडच्या जत्रेला न्यायचे, ते खरंच होतं, मी बघितलंय. हेही खरं आहे, एवढंच. दोन्ही एकाच माणसाचं आहे आणि मलाही ते गिळता येत नाही.

स्टेलाबाईची मुलगी जुलैअखेर विल्नियसला जाते आहे. तोवर पोचायला हवं.

अल्बिना


२४ जुलै

लिओ,

पार्सल मिळालं. चौकटीतला मोठा फोटो, आणि जत्रेतला तो दुसरा. चिठ्ठीत तू एकच ओळ लिहिलीस, ‘तिने माफ केलं का, ते कळव.’ इतकी वर्षं मला एक अक्षर नाही आणि आता हा प्रश्न. कळवीन.

जत्रेतल्या फोटोची मी प्रत काढू दिली नाही, मूळचाच पाठवतेय. १९५२ चा ना तो? आजोबा बाकावर बसलेत, पोटावर बटणं ताणलेली, एका हातात भाजलेल्या बटाट्याच्या कुगेलिसची ताटली, वर साईचं दही आणि डुकराच्या चरबीचे तुकडे, मांडीवर तू, तोंड माखलेलं. तुझ्या पोटाभोवती त्यांचा डावा हात. तू हाच का निवडलास, हे मी विचारणार नाही. दुसरे किती तरी असतील, सूट घातलेले, चर्चपुढचे. तू हा निवडलास, मला ते आवडलं.

माती आज सकाळी घेतली. त्यांच्याच कबरीची, उशाकडची. खणताना कोळशाचा एक खडा लागला, तो काढून टाकावा की ठेवावा कळेना. राहू दिला. स्टेलाबाईची मुलगी म्हणाली, विमानतळावर विचारलं तर काय सांगू? मी म्हटलं, सांग, म्हाताऱ्या बाईचे वडील आहेत.

अल्बिना


२२ ऑक्टोबर

लिओ,

उर्शुले ३० सप्टेंबरला गेली. दाइवाचं पत्र आज आलं. तू जे विचारलं होतंस त्याचं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं, म्हणून मी ते जसंच्या तसं सांगते, माझ्याकडून काही घालत नाही.

फोटो ऑगस्टमध्ये पोचले. आधी तिने मोठा घेतला. आपल्या कापलेल्या फोटोशेजारी ठेवून कड जुळवली, हात मनगटाला लागला तेव्हा ‘हं’ म्हणाली. मग जत्रेतला घेतला. भिंग मागवलं. खूप वेळ बघत होती. खोलीत सगळे जमले होते, नातवंडं, शेजारणी, पाद्री. सगळ्यांना वाटलं, आता रडेल.

“चांगला खाल्लेला-प्यालेला दिसतोय,” ती म्हणाली.

मग तिने भिंग तुझ्यावर धरलं. “आणि हा पोरगा कोण?”

“त्यांचा नातू, आजी. लिओ.”

“याला भरवतोय की,” ती म्हणाली, आणि भिंग खाली ठेवलं.

पाद्रींनी तिला हळूच विचारलं, “उर्शुले, त्याला क्षमा करायची का? मी इथेच आहे.” ती म्हणाली, “फादर, तुम्ही करा. तुमची नोकरी आहे. मला आता दमायला होतं.”

मातीची पिशवी दोन दिवस उशाशी होती. तिसऱ्या दिवशी तिने दाइवाकडून खिडकीतली कुंडी मागवली, ज्यात ती दर वर्षी पातीसाठी कांदे लावायची. जुनी माती ओतून टाकली आणि आजोबांची भरली. कोळशाचा खडा निघाला, तोही तळाशी घातला. माती थोडी पडली तेव्हा घरची मिसळावी लागली. दाइवा रडायला लागली. “आजी, हे काय करतेस? ती पेटीत ठेवायची होती ना, तुझ्या आईजवळ?”

“आईजवळ? आईने आपला पाव दुसऱ्याला दिला. तिच्या शेजारी याला कशाला निजवू?” तिने तीन कांदे अंगठ्याने दाबून बसवले. “मला नाही घातलं खायला. आता तरी कुणाला घालू दे.”

पात आली. दाइवा लिहिते, चांगली आली, जाड आणि हिरवीगार. शेवटी शेवटी तिला दुसरं काही जात नव्हतं, पण उकडलेल्या बटाट्यावर ती पात चिरून दिली की दोन घास खायची. रोज स्वतः कात्रीने कापायची. मरायच्या आदल्या दिवशीही खाल्ली.

पेटीत तिच्या छातीवर एकच पुरचुंडी ठेवली, बार्बोराची. तिने तसंच सांगितलं होतं.

दोन्ही फोटो दाइवा परत पाठवते आहे. ते तुझे आहेत, आले की तुला पाठवीन. किंवा तू येऊन ने. मी घरीच असते.

अल्बिना